दोरी दाबून धरणारा

मी वेल्डर. मी जोडलेल्या पाइपांचे एक्स-रे काढून माझ्या चुका चव्हाट्यावर आणणारा माणूस म्हणजे आमचा फोटोवाला, त्यामुळे आमचं कधी फारसं पटलं नाही. नियमांच्या बाबतीत तर तो सख्ख्या भावाचंही ऐकायचा नाही. मशीन चालू करण्याआधी चारी बाजूंनी दोरी बांधायचा. मशीन बंद केल्यावरही, किरणं थांबल्याचं हातातल्या मीटरवर दिसेपर्यंत कुणाला आत घ्यायचा नाही.

त्याची बायको दुपारी फाटकातून डबा घेऊन यायची आणि दोरीबाहेरून ओरडायची, "अहो, जेवण गार होतंय! मीटर काय पळून जाणारे?"

तो शांतपणे मीटर बघायचा. मग दोरी पार जमिनीपर्यंत दाबून धरायचा, कारण तिचे गुडघे दुखायचे. पाइपांच्या सावलीत दोघं जेवायची.

तिला जाऊन वर्ष झालं. काल माझे हातमोजे आत राहिले होते. मशीन थांबताच मी दोरीपाशी गेलो, तर तो खेकसला, "थांब!"

त्याने मीटर बघितलं. मग वाकून दोरी जमिनीला टेकवली आणि फाटकाकडे बघत तशीच धरून राहिला.

माझे गुडघे ठणठणीत आहेत. तरी मी तिच्याइतक्याच सावकाश आत गेलो.