उधाणातल्या रस्त्यासाठी टायर

टायरवाल्याने पहिला प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारला. साहेब, गाडी कुठे चालवता? माझ्या नवऱ्याला गाडीतलं एसीचं बटण तेवढं कळतं. गाडी माझी, लायसन्स माझं, न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या मधून रोज जीव मुठीत धरून जाते ती मी. नवरा बिचारा हसत माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, भाऊ, मला विचारा, आणि जरा लवकर विचारा.

गाडीचे चारही टायर पार गुळगुळीत झाले होते. त्याने दोन प्रकार समोर ठेवले. एक साधे, डांबरी रस्त्याचे. आवाज नाही, डिझेल कमी खाणार. दुसरे ऑल-टेरेन, जाड खाचांचे. चिखलात पकड घेणार, पण हायवेवर भुंग्यासारखे गुणगुणणार. माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, ताई, तुमचं रोजचं जाणंयेणं डांबरावरचं, उगाच कशाला हौस करता, साधेच घ्या. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. नवराही मान हलवत होता. पण साधे टायर घेणं म्हणजे आईला तिच्या घरातून उठवणं, हे त्या दुकानात फक्त मला माहीत होतं.

आमचं गाव पेणच्या खारेपाटातलं, खाडीला लागून. शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि समुद्र अडवलेला तो नुसत्या मातीच्या बांधाने. बांधाला भोक पडलं की त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड गेली अशी हाक आली की घरटी एक माणूस बांधावर जायचा, मग घरात लग्न असो की तेरावं. ओहोटीच्या वेळात चिखलाचे गोळे हातोहात देत भरती यायच्या आत खांड बुजवायची. बाबा होते तोवर आमच्या घरचे ते जायचे. ते गेल्यावर आई पदर खोचून जायला लागली. कुणी तिला नको म्हटलं नाही, तिनेही कुणाला विचारलं नाही.

मग बंदर आलं, नोकऱ्या आल्या, आणि घरांना कुलपं लागली. माझंही लग्न होऊन मी उलव्याच्या फ्लॅटमध्ये गेले. एका पावसाळ्यात खांड गेली ती नीट बुजलीच नाही. भाताच्या जमिनीत खारं पाणी शिरलं, पाठोपाठ तिवरं, म्हणजे खारफुटी, उगवली. तिवरं तोडायला बंदी, म्हणजे शेत गेलं ते गेलंच. आता अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गावचा रस्तासुद्धा पाण्याखाली जातो. गेल्या वर्षी आईला डॉक्टरकडे नेताना माझी गाडी त्याच चिखलात रुतली होती. आई मागे बसून शांतपणे पान खात होती आणि मी स्टिअरिंगवर हात आपटून रडत होते.

त्या दिवसानंतर मी तिच्यामागे लकडा लावला, चल माझ्याकडे. ती ऐकेना. शेवटी एकच बोलली, जवर तुझी गाडी दारात येते, तवर मी हितंच. बस्स. म्हणून टायर.

मी दुकानदाराला विचारलं, खाऱ्या पाण्यात चालतील का हे? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याचा रागच आला. समुद्रात गाडी कशाला घालता ताई, रील बनवायला? मी म्हटलं, आईकडे जायला. तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, टायर बाहेर काढतील, पण खालचा पत्रा सडेल. मी म्हटलं, सडू दे मेला.

आणि टायर खरंच गुणाचे निघाले हो! पुढच्या उधाणाला मी गाडी सरळ ओट्यापर्यंत नेली. आईने खाली वाकून खाचांमधून बोट फिरवलं आणि विचारलं, ट्रॅक्टरचं हायत काय? मी अशी काही मिरवले की विचारू नका. तो पूर्ण पावसाळा मला वाटत राहिलं, आपण जिंकलो. गणपतीला गावातली कुलपं उघडली, तेव्हा दारोदार तसेच दांडगे टायर लावलेल्या गाड्या उभ्या होत्या. पोरांनी एकमेकांच्या गाड्यांचं कौतुक केलं, चिखलातून कुणाची कशी निघाली ते रंगवून सांगितलं. विसर्जन झालं आणि सगळे परत गेले. बांधाकडे कुणी फिरकलं नाही. मीही नाही.

त्यानंतरच्या उधाणात मी गावाला पोचले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. पाय मांडीपर्यंत चिखलाने माखलेले, वाळून त्याला भेगा पडलेल्या. शेजारी बोचकी बांधलेली, सुक्या मासळीचा डबा, पोत्यात गुंडाळलेला पाटा. मला आधी काही कळेना. ती सांगायला लागली, अगदी भाजीचा भाव सांगावा तशी. आदल्या दिवशी दुसरी खांड गेली होती, घराच्या अंगाला. तिने थाळी वाजवत गावभर हाक घातली. एका म्हातारीने दार उघडलं, तिला चालवत नाही. मग आई फावडं घेऊन एकटीच गेली. ओहोटीभर तिने एकटीने चिखल टाकला. भरती आली आणि घेऊन गेली.

मी खूप बोलले. दर आठवड्याला येईन, रजा टाकीन, सगळ्या पोरांना फोन करून बोलावते, आणि टायर नवे आहेत आई, अजून खूप चालतील. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली,

"सगल्यांनी मोठं टायर घेतलं. बांदावर यायला कुनाला येळ न्हाय. एकल्या बाईचा बांद व्हत न्हाय गो."

ती उठली, स्वतःच गाडीचं मागचं दार उघडलं आणि पाटा आत ठेवायला मला हाताला धरून नेलं. म्हणाली, गाडी येते तवरच सामान निगंल, नंतर काय डोक्यावरून नेशील?

घराला कुलूप तिनेच लावलं. ती पुढच्या सीटवर बसली. रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. मी पहिला गिअर टाकला आणि आतून टायरांना ओरडत होते, रुता, आत्ता रुता. टायर एकदाही घसरले नाहीत.