खेळाडूची जागा

सुषमा गेल्याचं मला माझ्या मुलीनं, पल्लवीनं, नागपूरहून फोनवर सांगितलं. "आई, सुषमामावशी गेली..." एवढंच बोलून ती रडायला लागली. चिमूरच्या शाळेत खेळ शिकवणारी माझी बालमैत्रीण मेंदूत रक्तस्राव होऊन एका दुपारीत संपली, आणि ते माझ्याआधी पल्लवीला कळलं. महिना होऊन गेला, तरी ते खुपतंच.

आम्ही दोघी आरमोरीच्या एकाच शाळेत. मी अभ्यासात पुढे, ती कबड्डीत. धान कापून झालं की शेतातल्या रिकाम्या बांधीत पोरी जमवून ती अंधार पडेपर्यंत खेळायची. बारावीनंतर दोघींनी नागपूरच्या एकाच कॉलेजात अर्ज केला. मार्क माझे जास्त होते. पण ती राज्य पातळीवर खेळलेली. तिला खेळाचे वाढीव गुण मिळाले, वर खेळाडूंसाठी राखलेली जागाही. तिचं नाव लागलं, माझं नाही. एसटी स्टँडवर मी तिला सोडायला गेले होते.

"तोंड काऊन पाडून राह्यली? माह्या गुडघ्याकडे पाह्य, किती खेपा फुटला थो," ती म्हणाली.

मी पाहिलं नाही. पहाटे उठून मीही झिजलेच होते की...

मी गडचिरोलीत शिकले, तिथंच नोकरीला लागले. तिचा हेवा मात्र सरला नाही. पल्लवी आठवीत असताना सुट्टीत चिमूरला गेली ती कबड्डीचं वेड घेऊनच परतली. मी चिडले, तर सुषमा म्हणाली, "खेळू दे तिले. मार्क तुह्यासारखे नाई तिचे, पण पकड पाह्य." पुढे पल्लवी त्याच नागपूरच्या कॉलेजात खेळाडूंच्या जागेवरच लागली, आणि पहिला फोन तिनं सुषमाला केला. पेढे घेऊन सुषमा घरी आली, ती आमची शेवटची भेट.

"आता तरी माह्यावरचा राग सोडशील का नाई?"

"राग नव्हताच कधी."

"मंग काय होतं?"

मी चहा ठेवायला आत गेले.

परवा पल्लवीचा सामना बघायला नागपूरला गेले. अशा सामन्यांना सुषमा चिमूरहून न चुकता यायची आणि मैदानाच्या कोपऱ्यात खुर्ची ओढून बसायची, असं पल्लवी सांगायची. पल्लवी गडी बाद करून परतली, पोरींनी तिला उचललं. मी उभी राहून हात हलवला. ती मात्र त्या कोपऱ्याकडे बघत होती... खुर्ची रिकामी होती, आणि तरीही माझ्या लेकीची नजर तिथंच.