भावोजींचा सूर्य

आमच्या भावोजींनी सूर्य बनवला होता. मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणायचे. कुणाच्या मयताला गेले तरी तिथल्या दोघा-चौघांना हे ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. ज्याने खरा सूर्य बनवला तो आजवर एका शब्दाने बोललेला नाही, आणि ह्यांनी चार दिवे एका चौकटीत बसवले तर गावभर डांगोरा.

छपरावर बसवायची सोलर पॅनेलं विकण्याआधी तपासावी लागतात, किती वीज देतात ते. बाहेरच्या उन्हाचा भरवसा नाही, आता आहे तर घटकेत ढग. म्हणून खोलीतच खोटं ऊन पाडून तपासतात. ते खोटं ऊन पाडणारे दिवे भावोजी बनवायचे. घरामागे शेड, शेडमध्ये एक खोली आतून काळीकुट्ट रंगवलेली, म्हणजे भिंतींवरून उजेड उलटून पॅनेलवर पडू नये. वर झेनॉनचे दिवे, खाली उजेड गाळणाऱ्या काचा, पंख्यांची घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास. बटण दाबलं की डोळे दिपवणारा झोत पडायचा. काम त्यांना येत होतं, नाही म्हणणार नाही. पण येतं त्याच्या चौपट मिरवायची खोड. कामगार पाठीमागे त्यांना 'सूर्यनारायण' म्हणायचे. ते त्यांच्या कानावर गेलं, तर रागवायचं सोडून खूश झाले.

आता दिवा खऱ्या उन्हाइतकाच आहे की नाही, हे कळायला एक नमुन्याचं पॅनेल असतं. मोठ्या प्रयोगशाळेत मोजलेलं. किती वीज देतं तो आकडा त्याच्या पाठीवर चिकटवलेला. ते दिव्याखाली ठेवायचं, आकडा जुळेपर्यंत दिवा कमीजास्त करायचा, आणि परत कापडात गुंडाळून अंधाऱ्या पेटीत ठेवायचं. तान्ह्या बाळासारखं जपायचं. भावोजींनी ते कुठे ठेवलं? घराच्या दर्शनी भिंतीवर. स्क्रू मारून, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं. गरज पडली की काढायचं, पुसायचं, काम झालं की पुन्हा लटकवायचं. वर्षानुवर्षं उन्हापावसात.

"अहो, देणाऱ्याने बजावून सांगितलंय, पेटीत ठेवा ना," ताई एकदा म्हणाली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, त्यांची बायको.

"पेटीत ठेवायला ते काय तुझे दागिने आहेत?"

पॅनेल उन्हाने थकत गेलं, वीज कमी देऊ लागलं. ह्यांना वाटलं दिवाच मंदावला. वाढवला. आकडा जुळला. पुढे आणखी वाढवला. शेवटी ह्यांचा सूर्य देवाच्या सूर्यापेक्षा प्रखर झाला, आणि त्याखाली मरतुकडं पॅनेलही पैलवान दिसू लागलं.

माझ्या भाचीच्या नवऱ्याचा, म्हणजे त्यांच्याच जावयाचा, पॅनेल बनवायचा छोटा कारखाना. पहिलंच मोठं काम मिळालं होतं, एका इस्पितळाच्या छपराचं. तपासणी अर्थातच सासऱ्यांच्या दिव्याखाली. सगळा माल पास. तोच माल इस्पितळाच्या तपासणीला गेला आणि झाडून सगळा कमी भरला. निरोप आला, खोटे आकडे चिकटवून माल खपवता, आमच्या यादीतून तुमचं नाव कायमचं काढून टाकतो. लबाड म्हणून नाव झालं की पुन्हा कोण दारात उभं करणार? भाची रडत बसणारी नव्हे. तिने इस्पितळाच्या तपासनीस बाईंना विनवून आणलं, एकदा तो दिवा तरी बघा म्हणून.

मी तिथेच होते. बाई शिडशिडीत, आवाज हळू. काखेत स्वतःचं नमुन्याचं पॅनेल, कापडात गुंडाळलेलं.

"आधी चहा घ्या हो," भावोजी म्हणाले. "ऊन कुठे पळून जात नाही, माझ्या हातात आहे ते." आणि एकटेच हसले.

बाईंनी आपलं पॅनेल दिव्याखाली ठेवलं. झोत पडला. आकडा पाहिला. झोत पुन्हा एकदा पाडायला लावला.

"दिवा जास्त आहे."

"तुमचं पॅनेल बिघडलंय," भावोजी म्हणाले.

"असेल. तुमचं कुठे ठेवता?"

दुसरा कुणी असता तर जीभ चावली असती. हा गृहस्थ बाईंना मिरवत बाहेर घेऊन गेला आणि भर उन्हात भिंतीकडे बोट करून म्हणाला, "हे बघा! अख्ख्या रस्त्यात असं कुणाकडे नाही."

"नसणारच," बाई म्हणाल्या.

जावयाने कपाळावर हात मारून घेतला.

बाईंनी सरळ सांगितलं. दिवा चुकला होता असं भावोजींनी कबूल केलं, तर जावयाची ती लबाडी ठरणार नाही, आणि नवा माल द्यायला मुदत मिळेल.

"मी कबूल करू? जन्म गेला ह्यात माझा! ह्याचा मालच पोकळ, त्याला माझा सूर्य काय करणार?"

जावई समोरच उभा होता.

"बाबा, आमचं घर बुडतंय," भाची म्हणाली.

"मग हातपाय मारायला सांग त्याला. अगं, वाढ जेवायला." हे ताईला. आणि गेले आत. मीठ कमी आहे म्हणून ओरडल्याचं बाहेर ऐकू आलं.

भाचीने शेडमधून स्क्रूड्रायव्हर आणला. स्टूल मी धरलं. गंजलेला एक स्क्रू हटेना, तिथे जावयाने जोर लावला. पॅनेल उतरलं.

"बाई, हे न्या. तुमच्याकडे मोजा आणि पाठीवरचा आकडाही वाचा. मग कुणी काही कबूल करायला नको."

"मालकांना न विचारता कसं नेऊ?"

तेवढ्यात ताई हातात पळी घेऊन दारात आली. "ह्या घराची मालकीण मी आहे. न्या. आणि जरा लवकर न्या, त्यांचं जेवण होत आलंय."

मोजलं. थकलेलंच निघालं. जावयाला मुदत मिळाली, आता तो दुसरीकडे तपासून घेतो.

भावोजींनी मोकळी भिंत पाहून आधी आकांडतांडव केलं. मग सांगायला लागले, मोठ्या प्रयोगशाळेने माझं पॅनेल खास मागून नेलं, जावयाला मुदत मिळाली ती माझ्या ओळखीमुळे. जावयासमोर सांगतात. तो बिचारा मान हलवतो, सासरे आहेत त्याचे. माझे नाहीत, म्हणून झालं तसं सांगितलं.