आठवड्याने मिळणारा फोटो

श्रीअंबरेश्वराच्या चरणी मस्तक ठेवून, या श्रावणी सोमवारी मंदिराबाहेर पाहिलेल्या एका अनाम छायाचित्रकाराविषयी लिहितो. त्याच्या गळ्यात दोन कॅमेरे होते, एक डिजिटल आणि एक जुना, रोलचा. जुन्याला हल्ली कॉलेजची मुले चांगली किंमत देऊ करतात, पण तो म्हणे, “त्याचं काम अजून संपलं नाही.”

पालेगावचे एक वृद्ध जोडपे आले. आजोबांचे दुसऱ्या दिवशी हृदयाचे ऑपरेशन होते. आजींना त्याआधी दोघांचा फोटो हवा होता. डिजिटलच्या पडद्यावर प्रत्येक फोटो पाहून त्या म्हणत, “हा पुसा हो, किती थकलेले दिसतात हे!”

“मला पसंत करताना एवढा वेळ नव्हता लावलास,” आजोबा म्हणाले. आजींना हसू येईना.

तेव्हा त्याने जुना कॅमेरा डोळ्याला लावला आणि एकदाच खटका दाबला.

“दाखवा की!” आजी म्हणाल्या.

“यात लगेच दिसत नाही, मावशी. रोल धुऊन यायला आठवडा लागतो. फोटो घरी आणून देईन, पण काकांच्याच हातात.”

आजोबांनी आजींचा हात धरला. “ऐकलंस? आता मला घरी यायलाच लागेल.”

आजी हसल्या.

वाचकहो, तुमच्या उंबऱ्याबाहेर पडलेला प्रत्येक जण ईश्वरकृपेने सुखरूप घरी परतो.