बिनक्लचची गाडी

गाडीत बसायच्या आधी बाई उजव्या पायातली चप्पल काढायच्या. डाव्या पायातला लोखंडी पट्ट्यांचा बूट तसाच राहायचा. तो काढायला दहा मिनिटं लागायची, आणि त्या पायाला गाडीत काही कामही नव्हतं. चप्पल सीटखाली सारून अनवाणी पाऊल पेडलवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पायाला कळलं पाहिजे. मग डोळे रस्त्यावर राहतात."

वर्गात हेच त्या बोटांबद्दल म्हणायच्या. औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानामागं त्यांचा टायपिंगचा क्लास होता. मी तिथं आधी शिकले आणि मग तिथंच शिकवायला लागले. मी पाचोड गावची, म्हणून बाईंनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय पाचोड, आज बस चुकली वाटतं?" अशी सकाळ व्हायची. त्यांचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या पुढं होतं. चण बारीक, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की बावीस मशीन एकदम खडखडत असताना शेवटच्या बाकावरच्या मुलालाही ऐकू जावा.

तीन वर्षांच्या असताना ताप आला आणि त्यांचा डावा पाय बारीकच राहिला. त्यामुळं त्यांचं सगळं जाणंयेणं थोरल्या भावाच्या स्कूटरवर. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. ते सरकारी कचेरीत कारकून होते, वहिनी वारल्यापासून घरात भाऊ-बहीण दोघंच. सकाळी नऊला स्कूटर दाराशी थांबायची, बाई त्यांच्या खांद्याला धरून उतरायच्या, आणि संध्याकाळी कचेरी सुटली की दादा पुन्हा हजर. बाजार असो, लग्न असो, दवाखाना असो, दादांना सवड असेल तेव्हाच बाईंचं जाणं व्हायचं. दादांनी याबद्दल कधी कपाळाला आठी घातली नाही. पण एकदा एक मुलगी वर्गाचा रस्ता चुकले म्हणून उशिरा आली, तेव्हा बाई तिला रागावल्या नाहीत. ती जागेवर बसल्यावर मला हळूच म्हणाल्या, "मी आयुष्यात कधी रस्ता चुकले नाही, पाचोड. चुकायला एकटं जावं लागतं."

ती दुष्काळाची वर्षं होती. पाऊस तिसऱ्या वर्षीही फिरकला नव्हता. नळाला चार दिवसांआड पाणी यायचं आणि टँकर दिसला की गल्लीत पळापळ व्हायची. दुसरीकडं शहर मात्र फुगत होतं. वाळूजला कारखाने उभे राहत होते, खेड्यापाड्यांतून माणसं येत होती, कारखान्यांना टायपिस्ट हवे होते. आमच्या क्लासच्या बॅचेस सकाळी सातपासून भरलेल्या. वर्गाबाहेर एक टेबल होतं, तिथं बाई अर्ज, करारनामे, जाहिराती टाईप करून द्यायच्या.

त्या टेबलाशी एक दिवस मुकुंदवाडीचे उस्ताद आले. मोटारींचे जुने मेकॅनिक. पांढरी दाढी, नखांत कायमचं काळं तेल. त्यांच्या गॅरेजमध्ये एका कंत्राटदाराची गाडी कित्येक वर्षं उभी होती. कंत्राटदारानं ती मुंबईत कुठल्याशा वकिलातीच्या लिलावात घेतली होती. आता तो वारला होता, आणि त्याच्या मुलांनी उस्तादांना ती विकून टाकायला सांगितलं होतं. त्यांना जाहिरातीचा कागद टाईप करून हवा होता.

"लिखो बाई," उस्ताद म्हणाले. "अमेरिकन गाडी. सत्तर के जमाने की. आठ सिलिंडर. लेफ्ट हँड. रंग बदामी. हालत चालू."

बाईंची बोटं त्यांच्या बोलण्यापुढं धावत होती.

"और लिखो, किलच नै."

मशीन थांबलं. मी सहा वर्षांत बाईंची बोटं वाक्याच्या मध्येच थांबलेली पाहिली नव्हती. मी वळून बघितलं.

"क्लच नाही म्हणजे? मोडलाय?"

"मोड्या नै बाई. हैच नै. कंपनी ने दियाच नै. एक पेडल जाने का, एक रुकने का. दोनो सीधे पाव से."

"मग डावा पाय काय करतो?"

"कुछ नै करता. बैठा रैता नवाब के सरका."

बाईंनी कागद मशीनमधून ओढून काढला, त्याची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. "उस्ताद," त्या म्हणाल्या, "जाहिरात नको. मी उद्या गाडी बघायला येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षानं गेलो. दादांना सांगितलं नव्हतं. उस्तादांनी ताडपत्री ओढली तेव्हा मला आधी वाटलं, दोन गाड्या एकापुढं एक उभ्या आहेत. पुढचं नाकच आमच्या वर्गाच्या फळ्याएवढं रुंद होतं. आत पुढची सीट दिवाणासारखी एकसलग. बाई डाव्या दारानं आत गेल्या आणि स्टिअरिंगमागं बसल्या. बूट घातलेला पाय कोपऱ्यात ठेवला. तिथं त्याला ऐसपैस जागा होती. मग उगीच स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिल्या. उस्तादांनी किल्ली फिरवली, आणि त्या इंजिनाचा आवाज असा खालच्या पट्टीत सुरू झाला की शेडचे पत्रे थरथरले.

"हो," बाई एवढंच म्हणाल्या. कुणीच काही विचारलं नव्हतं.

घरी काय झालं ते मला नंतर कळलं. दादा म्हणाले होते, "लोक हंडाभर पाण्यासाठी ताटकळताहेत, आणि तू असली हत्तीण घेऊन येतेस? लोक काय म्हणतील?" बाई म्हणाल्या, "म्हणतील, बाई स्वतः चालवते." दादा आठवडाभर बोलले नाहीत. स्कूटरवर मात्र सोडायला रोज आले.

गाडी आमच्या गल्लीत वळूच शकत नव्हती, म्हणून ती उस्तादांकडंच राहिली. शिकायला सिडको बरं पडलं. तुम्ही तेव्हाचं सिडको पाहिलं असेल तर आठवेल, तिथं रस्ते आधी झाले होते आणि घरं नंतर व्हायची होती. रुंद, सरळ, रिकामे रस्ते, दोन्ही बाजूंना चुन्यानं आखलेले प्लॉट. दर रविवारी सकाळी उस्ताद शेजारी, मी मागं, आणि बाई स्टिअरिंगवर. पहिल्या दिवशी ब्रेक इतका जोरात लागला की उस्तादांची टोपी काचेवर गेली. टोपी परत घालून ते शांतपणे म्हणाले, "बरोबर है. गाडी रुकी ना?"

आणि आमच्या मागं, पन्नास पावलांवर, दादांची स्कूटर. ते गाडीत बसायला तयार नव्हते आणि घरी थांबायलाही तयार नव्हते. "काही झालं तर माणूस नको का?" असं म्हणायचे आणि त्या बदामी गाडीमागं वीसच्या वेगानं येत राहायचे.

लायसन्सची परीक्षा घेणारे साहेब सावध होते. त्यांनी बाईंचा बूट पाहिला, गाडी पाहिली, आणि म्हणाले, "बाई, माझा नियम कडक आहे. मी स्वतः बसल्याशिवाय सही करत नाही."

"बसा की. जागा लई आहे," बाई म्हणाल्या.

स्टिअरिंग डावीकडं, म्हणून साहेबांना उजव्या दारानं चढावं लागलं, आणि जिथं एरवी स्टिअरिंग असतं तिथं काहीच नव्हतं. क्षणभर ते नुसते काचेकडं बघत राहिले. मग गाडी निघाली. रस्त्यावरच्या लोकांना दिसत होतं ते असं, की उजव्या बाजूला एक गणवेशातले साहेब हाताची घडी घालून बसलेत आणि एवढी मोठी गाडी आपोआप वळतेय. एका सायकलवाल्यानं बघता बघता सायकल नालीत घातली. बाईंनी चढावर गाडी थांबवली, पुन्हा काढली, मागं घेतली, दोन पिंपांमधून सरळ बाहेर आणली. उतरल्यावर साहेबांनी कागदावर लिहिलं, फक्त क्लच नसलेल्या गाडीसाठी पास. बाईंनी ते दोनदा वाचलं. "अशी गाडी जिल्ह्यात एकच आहे," त्या मला म्हणाल्या, "आणि ती माझी आहे."

पहिली लांबची फेरी पाचोडची ठरली. बाईंना माझ्या आईला भेटायचं होतं, आणि मला, खरं सांगायचं तर, माझ्या गावानं मला त्या गाडीतून उतरताना बघावं असं वाटत होतं. उस्तादांनी टाकी भरून दिली. ती गाडी पेट्रोल असं प्यायची की उस्ताद तिला फक्त "प्यासी" म्हणायचे. शहर मागं पडलं तशी दोन्ही बाजूंची रानं उघडी, भुरी. मागं धुळीच्या लोटात स्कूटर. बाई आरशात बघत होत्या, वेग कमी करत होत्या, पुन्हा बघत होत्या.

आडूळच्या अलीकडं एका हॉटेलपाशी त्यांनी गाडी थांबवली. पाच मिनिटांनी दादा आले. भुवया, मिशा, सदरा, सगळं मातीच्या रंगाचं. बाईंनी हात लांबवून पलीकडचं दार आतून उघडलं.

"दादा, बस."

"स्कूटर?"

"हॉटेलवाल्याकडं ठेव. येताना घेऊ."

दादांनी सदऱ्यावरची धूळ झटकली. मग रुमालानं तोंड पुसलं, स्कूटर लावून आले आणि पुढच्या सीटवर अगदी कडेला बसले, पाहुण्याच्या घरी बसावं तसे. गाडी निघाली. आडूळ मागं पडलं. मग दादा समोर बघतच म्हणाले, "तीस वर्षं मी तुला नेलं."

"हो."

"आता मी काय करू?"

बाईंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "आता तू खिडकीतून बघ," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं तुला फक्त खड्डे बघावे लागले."

मी मागं बसले होते. दादांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण मान हळूहळू खिडकीकडं वळलेली दिसली. मग ते सीटवर मागं टेकले. पाचोड येईपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं, "हे कोणतं गाव?" या रस्त्यानं ते आयुष्यात निदान पन्नास वेळा गेले असतील.

तो बाजारचा दिवस होता. गावाजवळ रस्ता जनावरांनी भरला होता. चारा नाही म्हणून लोक बैल विकायला नेत होते. बाईंनी हॉर्न वाजवला नाही. अर्धा मैल बैलांच्या चालीनं गाडी चालवली. एक म्हातारा खिडकीशेजारून चालत होता. त्यानं विचारलं, "बाई, हिला काय खाया घालता?"

"पेट्रोल, बाबा. आणि तेही पुरत नाही."

"मंग आमच्यासारखंच हाय की," तो म्हणाला आणि हसला.

माझे वडील दारात उभे होते. गाडी पुढून मागपर्यंत बघून म्हणाले, "लई लांब हाय. मागचा माणूस उद्या पोचंल." आई मात्र गाडीकडं बघत नव्हती. ती बाईंकडं बघत होती. "तुम्ही चालवली? शहरापासून?" असं तिनं दोनदा विचारलं, आणि मग शेजारणींना हाका मारायला गेली.

गावातली विहीर आटली होती. बायका दीड कोसावरच्या मळ्यातून पाणी आणत. चहा पिता पिता बाईंना हे कळलं, आणि त्या कप ठेवून उठल्या. "चला. जागा लई आहे." पुढं बाईंशेजारी तीन, मागं पाच, प्रत्येकीच्या मांडीवर हंडा आणि वर कळशी, शिवाय डिकीत दादांनी दोरीनं बांधलेले सहा. तीन फेऱ्या झाल्या. वाटेत प्रत्येक खड्ड्याला आठही जणी एकदम ओरडायच्या आणि एकदम हसायच्या. माझी आई पुढं, बाईंच्या शेजारी. डोक्यावर काही नसताना ती त्या वाटेनं कधी आली नव्हती. तिचे हात काय करावं ते न कळून सारखे पदराशी जात होते.

कितीही जपलं तरी पाणी सांडायचंच. पाण्याच्या टंचाईमुळं गाडी कित्येक महिने धुतली नव्हती, नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसत होतो. "चला, धुतली गेली," बाई ओलं पाऊल पेडलवर दाबत म्हणाल्या. "आतून का होईना."

त्यानंतर सोळा वर्षं बाईंनी ती गाडी चालवली. पैठणला गेल्या, वेरूळला गेल्या, एकदा नगरला जायला निघून भलत्याच रस्त्यानं शेवगावला पोहोचल्या आणि दुसऱ्या दिवशी क्लासात सगळ्या बॅचेसना सांगत सुटल्या, "काल मी रस्ता चुकले." एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर क्लासच्या बक्षीस समारंभातही पाहिला नव्हता. उस्ताद गेले तेव्हा त्यांच्या मुलांनी गाडीची देखभाल चालू ठेवली. दादा शेवटपर्यंत खिडकीशी बसले. त्यांना रस्त्यावरची झाडं पाठ झाली होती.

सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनानं ती मागितली. तो ट्रक घेऊन आला, गाडी वर चढवून न्यायला. बाईंनी ट्रककडं बघितलं. "ती चालते," त्या म्हणाल्या. "तुम्ही ट्रक घेऊन पुढं व्हा. मी नगर नाक्यापर्यंत आणून देते." तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. मी शेजारी होते. शहरात आता रस्त्याला रस्ता उरला नव्हता, रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली. त्यांनी कुणाला धक्का लागू न देता गाडी नेली आणि शांतपणे कडेला लावली. त्या माणसाला आत बसवून गिअरचा दांडा कसा ओढायचा, थंडीत इंजिन किती वेळ तापू द्यायचं, ते समजावून सांगितलं. तो वहीत लिहून घेत होता.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या क्लासच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. पण मला त्या आठवतात त्या नगर नाक्यावर, उन्हात, माझ्या खांद्याला धरून उभ्या असलेल्या. तो माणूस गाडी ट्रकवर न चढवता स्वतःच चालवत निघाला होता. ती वळणाआड जाईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फार घट्ट धरलंय त्यानं स्टिअरिंग. शिकेल." आणि रिक्षासाठी हात वर केला.