बोनारियाच्या कबरीवरची डेझी

बाकिस पोर्कूने जन्मभर खाजणात बोई मासे धरले. फुलं त्याला दोनच ठाऊक: लग्नातली आणि मयताची. त्याची बायको बोनारिया जाताना म्हणाली, "माझ्यावर ती मयताची शेवंती नको. कुरणातली पांढरी डेझी लाव. पाणी घालायचं तुझ्या लक्षात राहायचं नाही, तेव्हा आपली आपण जगेल असं हवं."

औषधांच्या दुकानदाराने त्याला समजावलं, "दोन जाती आहेत. पानं जमिनीला चिकटून असली तर ती वर्षानुवर्षं टिकते. देठावर पानं चढली असली तर उन्हाळ्यात मरते."

फेब्रुवारीत बाकिस कुरणात गुडघे टेकून बसला. पानं जमिनीला चिकटलेलीच होती. आमच्याकडच्या वाऱ्यात उभं राहायची हिंमत पानांनाच काय, पाद्रीबाबांनाही होत नाही, हे तो विसरला. ढेकळासकट रोपं आणून त्याने कबरीवर लावली.

मे महिन्यात सगळी वाळली.

"फुलंसुद्धा तुझ्यापाशी टिकत नाहीत रे," मेहुणी आसुंता म्हणाली.

ऑक्टोबरअखेरीस, मृतांच्या सणाआधी, सगळा गाव कबरी घासतो. बाकिसने बोनारियाच्या मातीवरचं हिरवं बारीक तण पात्याने मुळासकट खरवडलं. इतक्या निगुतीने साफसफाई त्याने घरात कधी केली नव्हती.

शेजारची कबर लिकेरीची. त्याचे वारस परदेशात, साफ कोण करणार? पुढच्या फेब्रुवारीत तिच्यावर पांढऱ्या फुलांची चादर पसरली. बी वाऱ्याने तिकडे गेलं होतं. बाकिसने वाकून फुलांखालची कोवळी रोपं पाहिली आणि आपण कुठलं तण खरवडलं ते त्याला कळलं. लिकेरीचं तोंड पाहायचं टाळायला बोनारिया जन्मभर लांबच्या रस्त्याने जायची.

मेमध्ये त्याने लिकेरीच्या कबरीवरची वाळलेली बोंडं चुरगाळून बोनारियाच्या मातीवर पसरली. आसुंताला काही सांगितलं नाही. सांगायचं तर गेल्या वर्षीचं खरवडणंही सांगावं लागलं असतं. ऑक्टोबरात तो कबरस्तानाकडे फिरकलाच नाही. हात लावायचा नाही, एवढंच ठरवलेलं.

सणाच्या सकाळी आसुंता दारात आली, नखांत माती.

"लोकांना तोंड दाखवायची सोय ठेवली नव्हतीस! काय ते रान माजलं होतं. मी काल सगळं उपटलं. शेवंतीही ठेवली."

"उपकार झाले, ताई," बाकिस म्हणाला आणि तिला हात धुवायला पाणी दिलं.