परिचय मेळाव्यातलं माझं एक मिनिट

नायगावात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, मी जुनी तार काढून नवी भरतो, आणि भरता भरता बोलतो. माझं बोलणं ऐकायला माणसं चांगल्या मोटारी जाळून आणतात, असं तालुक्यात म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो. मी भरलेल्या एका मोटारीनं इतकं पाणी ओढलं की शेजाऱ्याच्या विहिरीतले मासे मोटारीच्या मालकाच्या ठिबकच्या नळीतून टपकले, ही हकीकत मी एकदा सहज सांगितली. तर हिमायतनगरहून एक माणूस तसलीच मोटार मागायला आला. मासे कोणते होते, तेही विचारून गेला.

असा मी. आणि हाच मी वधू-वर परिचय मेळाव्यात स्टेजवर चढलो की जीभ टाळूला अशी चिकटते, की सोडवायला पान्हा लागावा.

वय चौतीस. दोन मेळावे वाया गेलेले. पहिल्यात माईकवाल्यानं "शिक्षण?" विचारलं, तर मी नुसती मान हलवली. दुसऱ्यात उंची विचारली, तर तोंडातून "साडेसात हॉर्सपॉवर" निघालं. हॉलमधल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. त्या दिवसापासून आई शेजारी हळदी-कुंकवालासुद्धा जाईना.

"आता लातूरचा मेळावा शेवटचा," ती म्हणाली. "तिथून एक जरी स्थळ दारात आलं न्हाई, तर मी कुणाच्या लग्नाला जाणार न्हाई बघ. लोकांच्या सुना पाहून डोळे दुखायलेत माझे."

लातूरला माझे मामा राहतात. लातूरला डॉक्टर व्हायचा क्लास आहे, इंजिनिअर व्हायचा आहे. श्वास कसा घ्यावा याचाही असेल, फी परवडत नाही म्हणून लोक आपापला घेतात. मामांनी मला आत्मविश्वासानं बोलायच्या क्लासला घातलं. दर रविवारी दुकान बंद ठेवून मी एसटीनं लातूर गाठू लागलो.

क्लासचे सर शाळेच्या घंटेसारखे बोलायचे. "छाती पुढे! हनुवटी वर! नजर शेवटच्या खुर्चीवर! सुरुवात 'मित्रहो' अशी, मग दोन सेकंद शांतता!" सगळ्यांना एकच साचा. आमच्या बॅचमध्ये एक विमा एजंट होता, एक भावी सरपंच होता आणि मी होतो. तिघंही भिंतीकडे बघून "मित्रहो" म्हणायचो आणि शांत व्हायचो. पुढचं कुणालाच सुचायचं नाही. घरी म्हशीसमोर सराव केला. तिनं ऐकून घेतलं, पण त्या दिवशी दूध अर्धा लिटर कमी दिलं.

एक गोष्ट मात्र सर खरी बोलले. "परिचयात अशी एक गोष्ट सांगा, जी तुमच्याशिवाय दुसरं कुणी सांगणार नाही." मी रात्रभर विचार केला. मासे बाद. शेवटी एक सापडली: मला ज्वारीची भाकरी येते. आई दवाखान्यात होती तेव्हा शिकलो, आणि ती चांगली टम्म फुगते. चार पुरुषांसमोर ही गोष्ट मी कधी काढली नव्हती. मेळाव्यात काढायची ठरवली. एक मिनिट मिळणार होतं, आणि मी ते पाठ केलं होतं.

मेळावा सकाळी दहाचा. साडेअकराला पाहुणे आले. स्टेजवर इतके पाहुणे, की मागच्या रांगेतले पडद्याला धरून उभे. मग त्यांचा परिचय सुरू झाला. "ज्यांना परिचयाची गरज नाही असे..." म्हणायचं आणि वीस मिनिटं परिचय द्यायचा. प्रत्येकाला फेटा, शाल, हार. एका पाहुण्याचा परिचय चुकून दोनदा झाला. त्यांनी दोन्ही वेळा उठून नमस्कार केला आणि दुसरी शालही ठेवून घेतली. ज्यांना लातुरातली कुत्रीसुद्धा ओळखतात, त्यांचा परिचय चालू, आणि ज्यांच्यासाठी मांडव घातला ते आम्ही छातीवर नंबर लावून, घामानं भिजून, खाली बसलेले. माझा रुमाल पिळला असता तर एक वाफा भिजला असता.

दोन वाजता माईकवाला म्हणाला, "वेळेअभावी मुलामुलींनी अर्ध्या मिनिटात आटपावं." तळणाचा वास हॉलमध्ये आल्यावर म्हणाला, "फक्त नाव, गाव सांगा अन् पुढं सरका." सगळे रविवार, सगळी एसटी, आणि हातात काय? नाव, गाव!

माझा नंबर आला. छाती पुढे, हनुवटी वर. नजर शेवटच्या खुर्चीवर टाकली, तर खुर्ची रिकामी. तिथला माणूस जेवायला गेला होता. "मित्रहो," म्हणालो. दोन सेकंद शांत राहिलो. ती शांतता लांबतच गेली.

मामा दुसऱ्या रांगेतून उठले, स्टेजवर चढले आणि माईक ओढून घेतला. "मी ह्याचा सख्खा मामा! पोरगा लाजाळू हाय. सोळा एकर बागायत, मोटारीचा कारखाना, हाताखाली कामगार..."

जन्मभर मी सहाचे सोळा करत आलो. पण दुसऱ्यानं माझ्या तोंडचा घास असा हिसकावलेला पाहून माझं डोकं फिरलं. जीभ आपोआप सुटली.

"मामा, सहा एकर."

"गप रे भाच्या, मी बोलायलोय ना!"

"सहाच हाय. त्यातली दोन कोरडवाहू."

"अन् कारखाना?"

"दुकान. आत मोटार ठेवली की मला बाहेर बसावं लागतं."

"कामगार तरी?"

"मीच की!"

हॉल खदखदला. ताटं घेतलेले लोक ताटासकट परत आले. मी माईक हिसकावला आणि ओरडलो, "अन् मला भाकरी येते! ज्वारीची! फुगते!"

"हे कुणी इचारलं व्हतं का?" मामा कपाळाला हात लावून म्हणाले. माईकवाल्यानं माईक बंद केला.

मला घरी सोडायला निघालेले मामा अहमदपूरपर्यंत बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "दहा एकर घालवलीस एका मिनिटात. कोर्टातसुद्धा इतक्या लवकर जात न्हाई जमीन."

दुसऱ्या दिवसापासून मेळाव्याच्या पुस्तिकेतला नंबर बघून फोन सुरू झाले. आई हात पुसून शेजारी बसायची. मी स्पीकर लावायचो. "तुमी ते मेळाव्यातले मोटारवाले ना? आमची जळालीय बघा. खरं बोलता म्हणून तुमच्याकडंच टाकायचीय." उदगीरहून मोटारी आल्या, निलंग्याहून आल्या. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

"मराठवाड्याच्या समद्या मोटारी आल्या," आई म्हणाली, "सून तेवढी आली न्हाई."

मग मुखेडकडचे एक गृहस्थ पिकअपमध्ये मोटार घेऊन आले. पुढच्या सीटवर त्यांची मुलगी. मी मोटार उतरवत होतो, ती खाली उतरून दारात उभी राहिली.

"तुमीच ना भाकरीवाले?"

"हो."

"रोज करता का?"

माझी भाकरी एकदा इतकी फुगली की तवा उचलला गेला, ही हकीकत दातांपर्यंत आली होती. गिळली. "आई दमली की करतो. आठवड्यातून दोन-तीनदा."

"मामा लातूरलाच राहतात?"

"हाव."

"लांब हाय. बरं हाय."

वडलांनी विचारलं, "मोटार कधी देता?" मी परवाचा वायदा केला. ती गाडीत जाऊन बसली.

मोटार त्याच रात्री भरून झाली. पंधरा दिवस ती दुकानात पडून होती, आणि आई रोज येऊन तिच्यावरची धूळ झटकायची. काल मुलीच्या वडलांचा फोन आला, "उद्या येतो न्यायला." मी बरं म्हणून ठेवून दिला.

"अरे, एकटेच येणार का, एवढं तरी विचारायचं होतंस!" आई ओरडली. "कशाला गेला होतास त्या क्लासला?"

आज सकाळी दुकानासमोर पाणी मारलं. आतल्या मोटारी सरकवून जागा केली आणि दोन खुर्च्या मांडल्या.